चावी हरवलेली मोटारसायकल

अरे, माझी ही मोटारसायकल मी देवगाव रंगारीतून घेतली ना, तेव्हा तिला चावीच नव्हती. मालक वारलेला. त्याचा भाऊ म्हणाला, "लई शोधली, पण चावी काय सापडंना." म्हणून तर स्वस्तात मिळाली. मी संभाजीनगरहून मेकॅनिक सोबत नेला. त्यानं त्यांच्या अंगणातच वायरी जोडून गाडी चालू केली. मी खुशीत दोन-तीनदा जोरात रेस दिली. तेवढ्यात त्या वारलेल्या मालकाची म्हातारी आई घरातून लगबगीनं बाहेर आली.

"आलास व्हय रे?" म्हणाली.

मग माझं तोंड बघून तिथंच थांबली. भाऊ खाली बघायला लागला. मला मान वर करवंना. वायरी ओढून गाडी बंद केली आणि तिला आवाज ऐकू येणार नाय इतकी लांब ढकलत नेली.