बांधावरचा भुईमूग

तैवानमधल्या बेईपू गावच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायच्या रांगेत माझ्यापुढे चुंग भावोजी आणि ल्याऊ वहिनी बसले होते. दोघांचे चहाचे मळे शेजारी.

"वहिनी, यंदा बांधावर भुईमूग लावलात."

"खायला लावलाय, भावोजी."

"अजून एक शेंग उपटलेली नाही. तुडतुडे त्यात अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात आणि पंख फुटले की तुमच्या चहावर बसतात."

"कीड माझ्याकडे आली, तर तुम्हाला काय त्रास?"

"ते चावल्याशिवाय पानाला मधाचा वास येतो का? माझं एकेक पान धडधाकट आहे. असला चहा स्पर्धेत कोण हुंगणार?"

"म्हणून काल जाळी घेऊन माझ्या भुईमुगात शिरलात?"

"माझे तुडतुडे परत न्यायला आलो होतो."

"ओळखलेत कसे?"

"मला बघून सगळ्यांनी माना खाली घातल्या."

"बरं. मांडीवरच्या या पिशवीला टाचणीची भोकं कशाला पाडलीत?"

"हवा लागते त्यांना."

"तुडतुडे दवाखान्यात आणलेत?"

"घरी ठेवले असते, तर तुम्ही नेले असते."

नर्सने चुंगना आत बोलावलं. ते पिशवी घेऊनच उठले.