करंगळीभर कमी

(लिव्हरपूल, गोदीजवळचं जोड्यांचं दुकान. मे १९५८, दुपार. सहदेव हा पोलादपूरच्या वरच्या वाडीचा, मालवाहू जहाजावर खलाशी. दत्ताराम हा पोलादपूरच्या शाळामास्तरांचा मुलगा, इथे रसायनशास्त्र शिकायला आलेला.)

दत्ताराम : सहदेवदादा, ही दुकानातली बाई तिसऱ्यांदा विचारतेय. नंबर कुठला?

सहदेव : तिला म्हनावं जरा दम खा. आमी काय पळून जात नाय.

दत्ताराम : तीन जोड काढून ठेवलेत तिने. लाल मिळाले हेच नशीब. कालच्या दोन्ही दुकानांत काळे नाहीतर हिरवे.

सहदेव : लालच पायजेत. मास्तरांनी पत्रात लिवलंय ना सगळं. कशेडीच्या घाटात दरड काढाया रस्त्याचा कुनी ओवरशेर आलेला. गमबूट घालून चिखलातनं फसाक फसाक चालायचा. माज्या पोरीनं, बनूनं बघितलं नि धोशा लावला. मला पन तसलेच, पन लाल. पऱ्याचं पानी उतरून शाळंत जायला.

दत्ताराम : मग घेऊन टाकू. माप द्या.

सहदेव : ह्यो घ्या कागद. निघायच्या आदल्या दिशी तिचा पाय ठेवला नि भवतीनं पेन्सिल फिरवली. सारखी पाय आकसून घ्यायची, गुदगुल्या व्हतात म्हून.

दत्ताराम : हा तुम्ही निघालात तेव्हाचा पाय. म्हणजे चौदा महिन्यांपूर्वीचा. बाबांनी मापाचा दोरा पाठवलाय ना पाकिटातून? तो कुठाय?

सहदेव : हाय.

दत्ताराम : कुठे?

सहदेव : खिशात. ऱ्हाऊ द्या तितंच. कागदावर घ्या नि चला.

दत्ताराम : चला कसं? तोकडे झाले तर? तुम्ही मुंबईला पोचणार दीड महिन्याने. पुढे महाड, पोलादपूर, मग वरची चढण. परत इथे बदलायला कोण येणार?

सहदेव : तोकडे होऊ देत. तोकडे झाले तर मी देवीला पाच नारळ फोडीन.

दत्ताराम : हे काय बोलणं? काढा तो दोरा.

सहदेव : दत्ताभाऊ, नका.

दत्ताराम : अहो, दोराच आहे. साप नाही.

सहदेव : घ्या. तुमीच मोजा. मी आठ दिवस मोजतोय. जहाजावर माजं डोस्कं फिरलंय असंच धरून चाललो व्हतो.

दत्ताराम : थांबा, पट्टी काढतो.

सहदेव : पट्टी खिशात घालून फिरता? आमचा इंजनातला मोठा सायेब पन फिरत नाय.

दत्ताराम : सवय. हं. कागदावरचा पाय, टाचेपासून अंगठ्यापर्यंत... सोळा सेंटिमीटर दोन मिलिमीटर. आता दोरा. सरळ धरा. ताणू नका.

सहदेव : तुमीच धरा.

दत्ताराम : सोळा... दोन.

सहदेव : बघितलंत?

दत्ताराम : तेवढंच भरतंय.

सहदेव : तेवढंच. केसाचा फरक नाय. पोर पाच वर्सांची व्हती, आता सव्वासा. चौदा महिन्यांत पाय वाढला नाय? कुनाचा वाढत नाय, दत्ताभाऊ? तुमी शिकलेले. सांगा.

दत्ताराम : वाढतो. या वयात वर्षाला सेंटिमीटरच्या वर वाढतो.

सहदेव : मंग ह्यो दोरा कशावरनं घेतलाय?

दत्ताराम : म्हणजे?

सहदेव : इकडं येता येता ह्याच कागदावरनं मी महाडच्या मोच्याकडनं तिला वहाना करवून घरी धाडल्या व्हत्या. वहाना वाढत नायत. पाय नसला तर मानूस वहानेवरनं माप घेतो.

दत्ताराम : दादा!

सहदेव : बोललो. आठ दिवस गिळत व्हतो, आज बोललो. माजी पोर नाय ऱ्हायली. नि घरचे मला गमबूट आनाया सांगतायत, मला कळू नये म्हून.

दत्ताराम : असं कोण करेल?

सहदेव : सगळे करतात. आमच्या जहाजावर भिकू हाय, दासगावचा. मागल्या खेपेला तो असाच दर्यावर व्हता नि त्याची आय पौषात गेली. घरनं आठ महिने पत्रं येत व्हती, आईचा आशीर्वाद, आईचा आशीर्वाद. त्यानं ह्याच बंदरात तिला लोकरीची शाल घेतली. महाडच्या स्टँडवर उतरला, भाव न्यायला आलेला. भिकू म्हनला, धर, ही आयला. भाव शाल धरून नुसता उभा.

दत्ताराम : अरेरे.

सहदेव : वर भावानं काय म्हनावं? कळवून काय केलं असतंस, दर्यातनं पवत आला असतास? खरंच हाय. करारावर सही केलेला मानूस मदीच उतरून जातोय थोडाच.

दत्ताराम : थांबा, आपण नीट विचार करू. दोरा सुती आहे. सुती दोरा भिजला की आटतो.

सहदेव : पाकीट कोरडं व्हतं. शाईचा ठिपका फुटला नाय.

दत्ताराम : बरं. मग दुसरं. तुम्ही पायाभोवती पेन्सिल फिरवलीत. पेन्सिल पायाच्या बाहेरून फिरते. म्हणजे कागदावरचा पाय खऱ्या पायापेक्षा मोठा. पुढून थोडा, मागून थोडा, मिळून अर्धा सेंटिमीटर धरा. दोरा पायावरूनच घेतला असेल, तर अर्धा सेंटिमीटर वाढ झाली की!

सहदेव : नि वाढायला किती पायजे व्हती?

दत्ताराम : दीडच्या आसपास.

सहदेव : मंग झालं तर. तुमी डाक्टरावानी गोड बोलताय.

दत्ताराम : मी फक्त शक्यता बघतोय.

सहदेव : एक इचारू? खरं सांगाल? पत्रं तुमचे वडील लिवतात. आमच्या वाडीतल्या बाया चढण उतरून मास्तरांकडं येतात, सांगतात, त्ये लिवतात. तुमाला पन त्येंचं पत्र येतं. तुमाला काय लिवलंय?

दत्ताराम : नेहमीचंच. अभ्यास, तब्येत.

सहदेव : माज्याकडं बघून सांगा.

दत्ताराम : दादा, तिला नंबर सांगायचाय अजून.

सहदेव : काल तुमच्या खोलीवर आलो तवा तुमी पत्र उशीखाली सारलंत. मला वाटलं, पोरीबिरीचं असंल. हसलो पन मनात. तिकीट आपल्याकडलं व्हतं, दत्ताभाऊ. इथल्या रानीच्या तोंडाचं नाय, आपलं लाल तिकीट. मी बघितलं.

दत्ताराम : बाबांनी सांगितलं होतं, तुम्ही भेटलात तर विषय काढू नकोस.

सहदेव : कसला?

दत्ताराम : वरच्या वाड्यांमध्ये घटसर्पाची साथ आली. लहान मुलांना. घसा धरतो, श्वास कोंडतो. शाळा बंद ठेवलीय.

सहदेव : किती गेली?

दत्ताराम : दादा...

सहदेव : किती?

दत्ताराम : चार. बाबांनी लिहिलं तोपर्यंत चार.

सहदेव : नावं?

दत्ताराम : नावं लिहिलेली नाहीत. शपथेवर सांगतो. पत्र खोलीवर आहे, तुम्ही स्वतः वाचा.

सहदेव : मी काय वाचनार! मला सही येते तेवढी. तुमी वाचाल तेच माजं पत्र.

दत्ताराम : बनू त्यात असती तर बाबांनी मला लिहिलं असतं.

सहदेव : का लिवलं असतं? तुमच्या तोंडावरनं मला समजंल म्हून नाय लिवलं. तुमचं तोंड बघा की आरशात. तो काय मोठा लावलाय जोडे बघायला.

दत्ताराम : तार करू या. पोस्ट पलीकडेच आहे.

सहदेव : उद्या भरतीला जहाज सुटतंय. तुमची तार महाडला कवा, पोलादपूरला कवा, वाडीत कवा? नि शिपाई तार घेऊन चढनीला लागला की बाया अंगनातच गळा काढतील. दर्यावरनं तार म्हंजे सहदेव गेला. माजी आय ती उघडायच्या आदी आडवी व्हईल. नको. तार नको.

दत्ताराम : मग बसा इथे. दोन मिनिटं बसा. मी तिला सांगतो थांबायला.

सहदेव : ती बाय काय म्हनते?

दत्ताराम : काही नाही. खुर्ची दिलीय तुम्हाला. पाणी हवं का विचारते.

सहदेव : नको.

दत्ताराम : दादा, हा दोरा मला परत द्या. याला एका टोकाला गाठ आहे.

सहदेव : आसंल.

दत्ताराम : दुसरं टोक कापलेलं. दातांनी तोडलेलं दिसतं. तुमच्या घरी माप कसं घेतात? गाठ कुठे धरतात?

सहदेव : आता ह्ये कशाला?

दत्ताराम : सांगा तर. तुमची बायको कसं घेते?

सहदेव : साळू? ती दासगावची. तिच्या माहेरी शिंपी. ती कापडाची फीत वापरते, सासरी येतानाच घेऊन आली. दोरा आय वापरते. गाठ टाचंला धरायची, अंगठ्यापतोर न्यायचा नि मंग...

दत्ताराम : मग?

सहदेव : मंग मागं घ्यायचा.

दत्ताराम : मागे का?

सहदेव : थांबा. थांबा हां. माजा सदरा शिवायचा असला की आय असाच दोरा धरायची पाठीवर. नि तोडायच्या आदी करंगळी आडवी लावायची. तेवडा कमी करून तोडायची. महाडचा शिंपी बोंबलायचा, ठमाबाय, तुज्या पोराला दर येळी बगलंत काचतं, मलाच शिव्या बसतात. आय म्हनायची, काचू दे.

दत्ताराम : पण का?

सहदेव : जित्याचं माप पुरं घ्यायचं नाय. पुरं माप घेतात त्ये तिरडीवरच्याचं, बांबू तोडाया. म्हून करंगळीभर कमी. आमच्या घरात आयचंच ह्ये. साळू तिला हसते.

दत्ताराम : दादा, तुमच्या पत्रात एक ओळ आहे. मी आठ दिवसांपूर्वी वाचून दाखवली तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं. आणा ते इकडे. हे बघा. "बनूच्या पायाचे माप ठमाबाईंनी घेतले असून दोरा सोबत पाठवीत आहे."

सहदेव : आयनं?

दत्ताराम : ठमाबाईंनी. स्पष्ट लिहिलंय.

सहदेव : परत वाचा.

दत्ताराम : "माप ठमाबाईंनी घेतले असून."

सहदेव : मी आयला इसरलो. मी धरून चाललो व्हतो, साळूनंच घेतलं. साळूनं घेतलं असतं तर पुरं घेतलं असतं.

दत्ताराम : तुमच्या आईची करंगळी किती जाड?

सहदेव : कामाचा हात. माज्याएवडी नसंल. ही बघा, ह्याच्यापरीस बारीक.

दत्ताराम : सेंटिमीटरभर धरू. वर पेन्सिलीचा अर्धा. दीड. चौदा महिन्यांत दीड. जुळतंय, दादा! बरोबर जुळतंय.

सहदेव : म्हंजे पायावरनंच घेतलाय.

दत्ताराम : वहाणेवरून घेतला असता तर तुमच्या आईने करंगळी लावली असती का?

सहदेव : वहानेला कशाला लावंल? ती काय जिती आसती!

दत्ताराम : मग झालं तर.

सहदेव : दत्ताभाऊ, तुमी मास्तरांचे खरे. माज्या आयचा हात ह्या दोऱ्याला लागलाय नि माज्या लक्षात येऊ नये? आठ दिवस जेवलो नाय मी. जहाजावरला सैपाकी, भंडारी म्हनत व्हता, सहदेवला कुनी लिव्हरपूलची भूल घातली.

दत्ताराम : ती हसतेय बघा. तुम्ही हसलात म्हणून. दहा नंबर सांगू? नऊ घट्ट होतील.

सहदेव : सांगा. नाय, थांबा.

दत्ताराम : आता काय?

सहदेव : साथ कवा आली?

दत्ताराम : बाबांनी लिहिलं त्याच्या आधी आठ दिवस.

सहदेव : नि त्येंनी कवा लिवलं?

दत्ताराम : वीस एप्रिल.

सहदेव : माजं पत्र?

दत्ताराम : दादा, आता आपण...

सहदेव : वर तारीख आसते. मला आकडं समजत नायत असं नाय. पत्र मीच बघतो. नऊ. नऊ हाय ना ह्ये?

दत्ताराम : नऊ एप्रिल.

सहदेव : आयनं माप घेतलं तवा साथ नव्हती.

दत्ताराम : नव्हती.

सहदेव : मंग ह्या दोऱ्यानं काय सांगितलं? नऊ तारखेला पोरीला पाय व्हता.

दत्ताराम : तेवढंच सांगितलं. त्याच्या पुढचं हा दोरा सांगू शकत नाही. खोटं बोलणार नाही मी तुमच्याशी. एकदा बोललो, पुरे झालं.

सहदेव : हां.

दत्ताराम : वाडीत किती मुलं असतील?

सहदेव : पंचवीस-तीस. नि अशा वाड्या पाच-सा.

दत्ताराम : आणि गेली चार. सगळ्या मिळून.

सहदेव : तुमचं गणित चांगलंय. पन त्या चारांच्या बापसांनी पन असंच गणित केलं असंल.

दत्ताराम : मी आजच बाबांना लिहितो. एडनच्या पत्त्यावर उत्तर पाठवायला सांगतो. नाव घालून, खरं काय ते. जहाज एडनला लागेल तेव्हा तुमच्या हातात पडेल.

सहदेव : एडनला मला वाचून कोन दाखवनार? भिकू?

दत्ताराम : भिकूला वाचता येतं?

सहदेव : येतं. शालीपासनं तो कुनाचंच पत्र वाचत नाय.

दत्ताराम : मग काय करू सांगा.

सहदेव : लिवा. सांगा मास्तरांना, दोन ओळी, मोठ्या अक्षरात. मी आमच्या खलाशांच्या मुकादमाच्या, सारंगाच्या पाया पडून वाचून घेईन.

दत्ताराम : आणि बूट?

सहदेव : दहा द्या. नि तुमी म्हनालात, वर्साला सेंटिमीटरच्या वर?

दत्ताराम : हो.

सहदेव : अकरा काढाया सांगा. पावसाळा चार महिने चालतो. आत चिंधी घालील साळू.

दत्ताराम : सांगतो. ...ती विचारतेय, असं अंदाजाने का घेताय? मुलीलाच घेऊन या, पायात घालून बघू. मुलगी कुठे आहे?

सहदेव : सांगा तिला, शाळंत गेलीय.