सकाळची सुई

— नाई बाई, आत नका जाऊ अजून. बसा इथी बाजेवर. तुमची ती तेलाची बाटली आन् फडके ठेवा खाली. हातपाय रोज पाण्यात भिजवा, तेल लावा, कुठी फोड आला का पाहा — समजलं, दोनदा सांगितलं तुमी, मी काय बहिरी हाय? आधी मले सांगा, गावातून येताना काय आयकून आल्या? धुरपतानं देराचा हात जाळला, हेच ना? जाळला. म्याच जाळला, खोटं कशाले बोलू? डोमाचा उजवा हात, कोपराच्या खाली, तापल्या विळ्यानं. मांस जळल्याचा वास अजून माह्या लुगड्याले हाय, हे घ्या, पाहा — काऊन मागं सरकल्या? रोग्याच्या घरी येता ना तुमी, मंग वासाले काऊन भेता?

सुरुवातीपासून सांगतो. माहा माणूस — नाव तुमच्या वहीत हाय, मी कशाले घेऊ — आलापल्लीच्या जंगलात सागवान पाडे. बैलासारखा माणूस. मतं टाकाले धानोऱ्याले गेलो ना आमी, साहेबानं बोटाले शाई लावली, तेच बोट त्या हिवाळ्यात शेकोटीत जळलं आन् याले पत्ताच नाई! मी म्हणतो, कायचा वास येऊन राह्यला? हा म्हणते, लाकूड ओलं असंन. तवापासून सुरू झालं. मंग पुढच्या दिवाळीनंतर तुमचा डाक्तर आला, यानं डोळे मिटले, आन् डाक्तर कोंबडीचं पीस लावे, सुई टोचे — कुठी टोचलं सांग, कुठी टोचलं सांग. याले काईच सांगता येईना. डाक्तर म्हणे, महारोग हाय, पण औषध निघालं आता. जाणीव येते का पाहत राहा. आन् एवढूशा पांढऱ्या गोळ्या देल्या, चिमणीच्या अंड्याएवढ्याही नाई.

तुमीच सांगा, एवढ्याशा गोळीनं एवढा मोठा माणूस बरा होते? आमच्याकडं पोट दुखलं तर डागते, लेकराले हगवण लागली तर डागते, बैल लंगडला तर डागते. औषध म्हंजे दुखलंच पाहिजे. मी म्हटलं, गोळी नावाले हाय, खरं औषध ते सुईच. दुसऱ्या दिवशीपासून मी सुरू केलं. रोज सकाळी, चूल पेटायच्या आधी. डोळ्याले फडकं बांधू आन् टोचू. आधी सुई. मंग बाभळीचा काटा. लागलं? नाई. मंग चुलीतला निखारा — असे पाहू नका माह्याकडं! मले मजा येत होती का? एक दिवस त्याच्या हाताचा चावा घेतला म्या, रगत येतपर्यंत, आन् रडली, आन् शिव्या देल्या — मेल्या, बोंबल ना एकदा, बोंबल! तो फडक्याखालून म्हणे, रडू नको वो, उद्या लागंन.

घाई कायची होती, विचारा. डोमाची! पाठचा भाऊ, पण गावासमोर बोलला, मोहफुलं येचून होतपर्यंत जाणीव आली तर राहू दे घरात, नाई तर नाल्यापल्याडच्या झोपडीत. त्या झोपडीत बुधूले ठेवलं होतं याच्या आधी, त्यालेही हाच रोग. बायको गोट्यावर भाकर ठेवून ये. एक दिवस भाकर तशीच, दुसऱ्या दिवशी तशीच. जाऊन पाहे कोन? रानडुकरानं काय ठेवलं होतं ते म्या पाह्यलंय, बाई. माह्या माणसाले तिथी पाठवू? त्यापरीस म्या इथीच त्याचा गळा दाबला असता.

आन् होळी झाल्यावर एक दिवस — लागलं! मी काटा टोचला आन् हा बोंबलला, आई वो! दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. म्या कोंबडा कापला, घरोघरी सांगत फिरली, येडी झाली होती नुसती. डोमा म्हणे, आमाले दाखव. काल सकाळी सारं गाव या अंगणात. याच्या डोळ्याले फडकं, तळहात पुढं, आन् डोमानं आणला विळा, लाल केलेला. मी म्हटलं, काटा पुरे. तो म्हणे, तू सरक मागं, मी पाहतो.

विळा अजून हातभर दूर होता, बाई. हा बोंबलला. आई वो, लागलं! सारे हासले. बायाही हासल्या. आन् हासता हासता डोमानं विळा तळहातावर दाबला. चर्र झालं. धूर निघाला. हा गप. फडक्याखालून इकडं तिकडं मान फिरवे आन् हळूच विचारे — ठेवला नाई का अजून?

तवा समजलं मले. माह्या बांगड्या! मी वाकली का वाजे, आन् वाजल्या का हा बोंबले. काल मागं सरकली तवाही त्याच वाजल्या; डोमाच्या हातात कुठच्या बांगड्या? मंग काय झालं ते मले नीट आठोत नाई. विळा हिसकला, एवढं आठोते. कसा बोंबलला डोमा! नाल्यापर्यंत गेला आवाज. म्या म्हटलं, पाहा रे, याले जाणीव हाय, हा राहू दे गावात! आज सांजेपर्यंत आमाले घर सोडा म्हणते गाव. दोघंही जाऊ. तो एकटा जाणार नाई.

त्याच्या हातावरचे डाग पाह्यले ना मागच्या बारीले? सारे माहे हायत. आता खरं सांगा — ते टोचणं औषध होतं ना? थोडंसं तरी? ... मान नका हालवू तशी. नुसतं पाहासाठी होतं? मंग चार महिने मी काय करत होतो, बाई? रोज सकाळी हात पुढं करून बसे तो, स्वतः फडकं बांधून, मी म्हटलं म्हून —

आयकलं? आतून बोलला तो. "लागलं, लागलं," म्हणते. म्या तर नुसता कपाळाले हात लावला. बांगड्या वाजल्या.

जा तुमी. तेल ठेवा इथी, आन् जा.