फोटोखालची तारीख

— नाई नाई, सही आमच्या ह्यांचीच हाये. काल तुमच्या पेपरातून फोन आला तेव्हा बी मी तेच सांगितलं — बसा न भैया, उभे काहून? खुर्ची हलते थोडी, पण पडत नाई. हिंदीत विचारा, मले समजते सारं, पंचवीस वर्षं झाले रायपूरजवळच्या ह्या बीरगावात, उत्तर मात्र मराठीतच निघते तोंडातून. आणा, पाहू द्या. हव, आमच्याच बिलबुकातले बिल हायेत. ‘दयाराम मेश्राम, जीप भाड्याने मिळेल’ — अन् ही खाली सही, द ची शेपटी लांब ओढलेली. तशीच करायचे ते. हे कुठलं? रायपूर ते जगदलपूर, जाणं-येणं, इथल्या आमदाराचा, विधायकजींचा दौरा, अकरा मार्च. असंल न. गेले असतील. छत्तीसगड नवीन राज्य झालं तेव्हा नेत्याईचे दौरे काय कमी होते? म्हणून तर ह्यांनी फॅक्टरीतली ड्रायव्हरी सोडली, भेटलेल्या पैशातून जीप घेतली अन् विधायकजीकडे लावली.

ह्या खोट्या बिलाईवरून काल चौकात पुतळा जाळला न विधायकजींचा? जाळा म्हणा! आमच्या पाऱ्यात, ह्या साऱ्या मोहल्ल्यात, नळाले दिवसाआड पाणी, अन् हा माणूस घरी झोपून दौऱ्याचं भाडं सरकारातून उचलते — मी बी गेली असती जाळायले. पण जाता जाता पोट्ट्याईनं माझ्या भिंतीवर कोळशानं काय लिहिलं, वाचलं न येताना? ‘दयाराम चोर’. सकाळपासून दोनदा धुतलं, जात नाई. आता उद्या तुमच्या पेपरात बी तेच नाव येणार. काहून? माझा माणूस निघायच्या आधी जीपचा मीटर कागदावर लिहून घ्यायचा, आल्यावर पुन्हा लिहायचा. एकदा विधायकजींचा पीए म्हणे, दयाराम, दहा कोऱ्या बिलावर सह्या करून दे. ह्यांनी बिलबुक शर्टात घातलं अन् रागारागात पायी घरी आले, रायपूरहून इथवर, जीप तिथंच उभी अन् किल्ली खिशात! म्हणे, जिथं माझी गाडी गेली नाई तिथं मी सही करणार नाई. असा माणूस चोर हाये का? सांगा न — हाये का?

काय पाहून राहिले तिकडे? फोटो हाये त्याईचा. गोल बाजारातून मढवून आणला. पेंटर म्हणे, फक्त नाव टाकू का, मी म्हटलं नाई, तारीख बी टाक, लोकाईले समजलं पाहिजे कधी गेले ते. दोन फेब्रुवारी... चहा ठेवू का? नको? बिन दुधाचा ठेवते — हव, हव, तेच साल हाये. फेब्रुवारी आधी येते, मार्च मागून. मले बी समजते.

हे गेल्यावर घरी वंदना ठेवली, त्या पुण्यानुमोदनाले विधायकजी स्वतः आले होते, पांढरी फुलं घेऊन, इथंच, तुम्ही बसले तिथं बसले होते. त्याईले माहीत नव्हतं का माणूस गेला म्हणून? पंधरा दिवसांनी पीए आला. जीप तर दवाखान्यापाई विकून झाली होती. म्हणे, ताई, बिलबुक असंल न घरात? रीनाचं सरकारी ऑफिसात बोलून ठेवलं हाये, टेम्पररी, पुढं पाहू. माझी पोट्टी बारावी झालेली, घरात बसून. मी काय करू? आधी वहीवर गिरवून पाहिलं. द ची शेपटी जमेच ना. मग जमली. अन् मग — कोनाले सांगू नका भैया — मग बरं वाटायले लागलं. पीए सांगे, आज जगदलपूर लिहा, आज सरगुजा लिहा. मी सही करायची अन् मनात म्हणायची, घरी नाई दिसत म्हणजे दौऱ्यावर गेले, येतील परवा. दोन वर्षं फिरवलं मी त्याईले, साऱ्या छत्तीसगडात. जे त्याईनं जन्मभर नाई केलं ते मी त्याईच्याच नावानं केलं, अन् भिंतीवर नाव त्याईचं.

रीनाले माहीत नाई हे. तिची नोकरी जाईल, जाईल न? तुम्ही काहून सांगाल, मले बी माहीत हाये. माझं बी काय होईल ते होईल. लिहा. दयाराम खोडा अन् लिहा — सह्या त्याच्या बायकोनं केल्या, कलावती मेश्रामनं. काय? कोन मानंल? द्या तो पेन. ह्या कागदाच्या मागं करते — पाहा. पाहा शेपटी. लावा त्या बिलाच्या बाजूले.

झालं न? घडी करा, ठेवा खिशात. पाच वाजले, रीना येतच असंल, तिले मीच सांगते. अन् तारीख बरोबर लिहा, फोटोखालची. — नाई, आता चहा नाई. जा तुम्ही.