स्वप्नातलं वय

डोळ्यांच्या दवाखान्यात बसलेल्या शिंपिणीचे कान शेजारच्या दोन म्हाताऱ्या जावांकडे लागले होते.

"परवा घरी आलेली ती संशोधनवाली मुलगी देशोदेशीच्या म्हाताऱ्यांना विचारते म्हणे, मनातून किती वर्षांच्या वाटता?"

"मग काय सांगितलंत, जाऊबाई?"

"एकोणीस! स्वप्नात अजून दोन-दोन पायऱ्या एकदम चढते गं."

"मी असते का तिथे?"

"असतेस की. खालून ओरडतेस, हळू चढा, पडाल म्हणून."

"म्हणजे स्वप्नातही माझी कटकट आहेच!"

"उद्यापासून मला लेकाकडे राहायचंय. तिथे कोण ओरडणार माझ्यावर?"

शिंपिणीचा नंबर आला. तिने मागच्या बाईला खुणेनेच पुढे जायला सांगितलं.

"जाऊबाई, आज स्वप्नात वर पोचलात की थांबा जरा. मी येतेय, एकेक पायरी चढत."