ध्यान कुठं व्हतं

माझं नाव महानंदा. माहेर नेकनूरचं, वडलाचं तिथं किराणा दुकान व्हतं. आमी पाच बहिणी, मी चौथी, म्हणून माझ्याकडं कुणाचं लक्ष न्हाई आन माझं बी कशाकडं न्हाई, आसं आई मनायची. सातवीपस्तोर शाळा झाली, मग हितं चौसाळ्याला दिली. सासरी पिठाची गिरणी. मालक बाजारोबाजारी कापड इकायला फिरायचे, गिरणी सासू बघायची, तिनंच मला शिकवली. आमी लिंगायत, सासू रोज सकाळी हातावर लिंग घेऊन पूजेला बसायची, पापणी हलायची न्हाई तिची. मी बी शेजारी बसायचे, पर माझा एक डोळा चुलीवरल्या दुधावर. सासू मनायची, आगं, पूजा देवाची चाललीय का दुधाची? मी हसायचे. कळत न्हाई ओ त्या वयात.

पुढं सासू अंथरुणाला खिळली. तीन वर्सं. तिचं उठवणं, बसवणं, धुणं, भरवणं समदं मी केलं. थोरली जाऊ याच गल्लीत येगळी ऱ्हाती, ती सणासुदीला तोंड दाखवून जायची. सासू गेली, माती झाली, आन आठ दिवसात जाऊ चार बायांत बोलली की म्हातारीला वेळंवर भाकर मिळाली न्हाई म्हणून गेली. माझ्या कानावर आलं. काय सांगू तुमाला, मी तिला जाऊन इचारलं बी न्हाई, पर मनात भांडण सुरू झालं ते थांबंचना. जेवताना भांडण, न्हाताना भांडण, मी आसं मनल्यावर ती तसं मनंल, मग मी आसं मनंल. ती आपल्या घरी निवांत चहा पीत आसंल, आन मी हितं तिच्यासंगं भांडतेय.

त्या दिवशी ज्वारी दळत व्हते. पट्टा उतरला. आमच्यात रीत आशी की बटन बंद करायचं, चाक पुरतं थांबू द्यायचं, मग पट्ट्याला हात लावायचा. मला का ठावं नव्हतं? हजार डाव चढवला आसंल. बटन बंद केलं, चाक फिरतच व्हतं, आन माझ्या मनात जावंला द्यायचा लई भारी जवाब आला बगा, त्याच नादात हात घातला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आन तिच्या शेजारचं. दुखलं बी न्हाई आधी. पिठात लाल काय पडलं म्हणून बघाया लागले.

मालक बाजाराला गेलते. शेजारच्यानं जीपमधी घातलं, मांजरसुंब्यावरून बीडला नेलं. तिथं पट्टी बांधता बांधता एक नर्स मनली, मावशी, ध्यान कुठं व्हतं तुमचं? तिनं सहज इचारलं. काय सांगणार, ध्यान जावंच्या घरी व्हतं?

चार महिने गिरणीकडं फिरकले न्हाई. मालक मनाले, इकून टाकू. मी मनलं, नगं. पुन्हा गिरणीवर गेले तर बटनापस्तोर जायचे आन माघारी फिरायचे. मग मी काय करायचे, बटन दाबायच्या आधी नुसतं उभी ऱ्हायचे. पदर खवसला का, बघायचे. पाय फरशीवर हायत का, तेबी बघायचे, हसू नगा. आन मग तोंडानं मनायचे, आता ज्वारी ओतते. आता पीठ बघते. पीठ चिमटीत धरलं की किती गरम, किती जाड, त्यावर दगड सैल करायचा का आवळायचा ते कळतं. वीस वर्सं हेच करत व्हते, पर ते हातच करायचे, मी तिथं नसायचेच. बाया मनायच्या, बोटं गेली तशी येडी झाली, एकटीच बडबडती.

परवा बचत गटात शहरातून एक मॅडम आलत्या, सांगत व्हत्या की काम करताना मन तिथंच ठेवायचं, श्वासाकडं बघायचं, त्याला सजगता म्हणतात. समद्या बायांनी डोळे झाकले, मला तर झोपच लागली. नंतर मी त्यास्नी मनलं, ताई, तुमी चांगलं सांगताव, पर मला डोळे उघडे ठेवूनच जमतं.

आन खरं सांगू का, मन जातंच. वासरासारखं हाय ते. मारून काय करता, दावं धरून परत आणायचं.

जावंचं ऐका. तिचे मालक वारले, लेक पुण्याला गेला. ती दळण घेऊन यायला लागली, बोलायची न्हाई, डबा ठेवायची आन बाकड्यावर बसायची. आधी मला वाटलं, माझी बोटं बघाया येती. मग एक दिवस मी नुसतं तिच्या डब्याकडं बघितलं. दीड-दोन किलो ज्वारी, तीबी दिसाआड. दाणा न दाणा निवडलेला, खडा औषधाला सापडंना. एकटीला किती भाकरी लागतात? मी बटन बंद केलं. चाक थांबलं. मग इचारलं, आक्का, कावून आसं थोडं थोडं आणताव?

तिनं बाकड्यावरलं पीठ पदरानं पुसलं. मग मनली, घरात आवाज न्हाई गं. हितं आवाज तरी आसतो.

मी चाळणी तिच्याकडं सरकवली. तीच मनली, मी बोलले ते माझ्या ध्यानात हाय. तेवढंच. माफी न्हाई न बिफी न्हाई. मी मनलं, माझ्या बी हाय. दोघी बसलो. रडले-बिडले न्हाई कुणी. आता ती रोजच येती, दळण आसो नसो, चाळणीला बसती. कधी तिचा राग येतो मला अजून. येतो, घडीभर बसतो, जातो.

आली बगा लाईट. सकाळपासून चार डबे खोळंबलेत. तुमी जरा मागं सरा, ती पिशवी पट्ट्यापासून लांब घ्या. आता मी बोलणार न्हाई हं, राग मानू नगा. देव तुमचं भलं करो.