तांदळात काढलेलं नाव

…अहो, बाई समोर उभी हाय ना! साडेपाच फुटाची, धडधाकट, अंगावर मी नेसवलेली इरकल साडी, कपाळावर ठसठशीत टिकली, आणि साहेब कुठं बघतोय? कॉम्प्युटरात! तिथंच बोट लावून मला म्हणतो, "आजी, ही बाई इथं न्हाई." मी म्हणलं, तिथं नसंल, इथं हाय, जरा मान वर करा की! मान वर करायला काय टोल पडतो का? पण न्हाई. तुम्हाला सांगते, तीन महिने मी निलंगा ते लातूर, लातूर ते नांदेड, यष्टीच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली, आणि तीन महिन्यांत एका साहेबाचं तोंड मी समोरून बघितलं न्हाई. सगळ्यांच्या टाळूच बघितल्या. कुणाच्या टाळूला किती केस हायत ते विचारा, सांगते.

आता ही बाई कोण, ते आधी सांगायला पायजे, न्हाईतर तुम्ही म्हणाल म्हातारी भलतीकडंच निघाली. ही माझी नातसून. आल्माझ. इथिओपियाची. हाव, आफ्रिकेतली! नांदेडच्या कॉलेजात शिकायला आली, आमचा सुदर्शन त्याच वर्गात, पुढचं तुम्ही ओळखलंच. सुदर्शननं घरी सांगितलं तेव्हा भावकी अशी उसळली की विचारू नका. "चतुराकाकू, लोकं काय म्हणतील? चतुराकाकू, ती काय खाती?" मी म्हणलं, तिलाच विचारू. विचारलं. पोरगी म्हणाली, "आज्जी, ज्वारी." ज्वारी! त्यांच्याकडं पण ज्वारी पिकती म्हणं, ती आंबवून ताटाएवढी धिरडी करतात. संपला विषय! जी ज्वारी खाती ती परकी कशी? पुण्याची सून आणली तर तिला भाकरी बाधती, आणि ही आफ्रिकेतून आली आणि आठ दिवसांत परातीत भाकरी थापून राहिली. एवढी गोल, की माझ्या लेकीनं अजून तिच्याशी धड बोलणं केलं न्हाई.

मग लग्न लावलं. गावात, दारात मांडव घालून. तिच्याकडून कोण येणार? आई-बाप तिकडं, त्यांना तिकीट झेपंना. मग कन्यादान कुणी करायचं? आमच्या गल्लीत रामकिशन आणि केवळाबाई, लेकरू न्हाई बिचाऱ्यांना, ती दोघं म्हणली आम्ही करतो. अहो, काय केलं त्यांनी! केवळाबाई अशी रडली, जशी नऊ महिने पोटात वागवलेली. पोरगी पण रडली. आणि मग आलं नाव ठेवणं. परातीत तांदूळ पसरले, अंगठी सुदर्शनच्या हातात आणि सुदर्शनचा हात माझ्या हातात, कारण त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं, आणि माझं अक्षर मी चुलीपुढं कोळशानं गिरवून गिरवून कमावलेलं, त्यात खोट चालत न्हाई. काढलं नाव: महामाया. माझ्या सासूचं नाव. टपोरं, काना-मात्रेसकट. सगळा मांडव वा वा करून राहिला.

आता मला सांगा, इथवर कुणाचं काय चुकलं?

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलो. व्यंकटराव ग्रामसेवक, भला माणूस, आवाज मात्र असा की बाजूला पंखा चालू असला तर ऐकू येत न्हाई. म्हणतो, "काकू, मुलीचं लग्नाआधीचं नाव?" मी म्हणलं, "आधीचं कशाला? ते उंबऱ्याबाहेर ठेवून आत आली ती. लिहा महामाया." "वडिलांचं नाव?" "कन्यादान कुणी केलं? रामकिशननं. लिहा रामकिशन, गाव हेच." "काकू, पण पासपोर्टावर…" "पासपोर्टानं कन्यादान केलं का व्यंकटराव?" पोरगी मधीच म्हणती, "आज्जी, पण माझं…" मी म्हणलं, "तू गप बस बाळा, मोठी माणसं बोलून राहिली." सुदर्शन? त्यानं बघितलंच न्हाई, सही ठोकून मोकळा. नव्या नवरदेवाला काय वाचता येतं होय? पोरीनं पण सही केली, तिच्या अक्षरात. त्यांची अक्षरंच वेगळी. बारकी बारकी माणसं हात वर करून उभी राहिल्यासारखी. मी म्हणलं, छान हाय. आणि तो कागद मी काच घालून भिंतीवर लावला. देवाच्या शेजारी!

तर हे झालं फेब्रुवारीत. आणि तिचा व्हिसा संपणार एकतीस जुलैला.

व्हिसा म्हणजे काय, तर परक्या माणसाला इथं राहायची परवानगी. त्याच्यात पण जाती असतात, तुम्हाला ठाऊक हाय का? शिकायला आलेल्याचा वेगळा, इथल्या माणसाशी लग्न केलेल्याचा वेगळा. तिचा शिकायचा होता, तो बदलून बायकोचा करून घ्यायचा. एवढंच. मी म्हणलं, हे काय काम हाय? एक अक्षर खोडायचं, दुसरं लिहायचं. कोळशाचा तुकडा द्या, मीच करते! न केलं तर? तर एकतीस तारखेला पोरीनं देश सोडायचा.

नांदेडला कॉलेजाच्या पुढं चांदपाशाचं ऑनलाइनचं दुकान हाय. गेलो तिथं. पासपोर्ट चढवला, फोटो चढवला, लग्नाचा कागद काचेतून काढून चढवला. चांदपाशा थांबला. माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं, परत कागदाकडं. म्हणतो, "अम्मा, ये महामाया कौन है?" मी म्हणलं, "ही काय, समोर उभी हाय." "और ये आल्माझ?" "तीच की." "अम्मा, दोनो का बाप अलग, गाँव अलग. नक्को अम्मा, ये पास नै होता." मी म्हणलं, तू दाब बटण. त्यानं दाबलं. आठ दिवसांत उत्तर आलं: अर्जदार आणि विवाहित स्त्री एकच असल्याचा पुरावा द्या.

पुरावा! बाई समोर उभी हाय, आणखी काय पुरावा?

तिथून सुरू झाली वरात. नांदेडला परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या हापिसात गेलो तर साहेब म्हणले, राहती निलंग्याकडं, लातूरला जा. लातूरला गेलो तर म्हणले, कॉलेजामुळं हिची नोंद नांदेडची हाय, नांदेडला जा. एकदा तर अहमदपूरच्या स्टँडवर मी पोरीला म्हणलं, आपण मधी इथंच बसू, दोघांना म्हणावं अर्ध्या वाटेवर या! ती हसली. तेव्हा ती हसत होती अजून.

मग व्यंकटरावाला धरलं. "खोडा ते नाव." तर पहिल्यांदा त्या माणसाचा आवाज मला पंख्यावरून ऐकू आला. "काकू, नोंद खोडता येत न्हाई, कोर्टाचा हुकूम आणा. मी तुम्हाला म्हणलो होतो. तुम्ही माझ्या टेबलावर काठी आपटली होती, काकू." आता माणसानं काठीचं एवढं मनावर घ्यावं का? न लिहायचं! मी काय त्याचा हात धरला होता? …धरला होता, पण थोडाच.

कोर्ट म्हणलं की वकील आला. निलंग्याला शरणप्पा वकील. पान खातो आणि पान संपेपर्यंत बोलत न्हाई. पान संपलं. म्हणतो, "आजी, कोर्टात दुरुस्तीला वर्ष तर जाईल. सोपी वाट सांगतो. सरकारी पद्धतीनं परत लग्न लावा, आल्माझ या नावानं." मी म्हणलं, वा! चार माणसं बोलवू, पेढे वाटू, काय अवघड हाय? त्यानं दुसरं पान लावलं. मी वाट बघितली. "पण आजी, तुमचा नातू आधीच लग्नाचा हाय." "कुणाशी?" "महामायाशी." "अहो तीच ही!" "कागदावर न्हाई. एक बायको असताना दुसरी करता येत न्हाई. आधी महामायाशी घटस्फोट घ्या." "घ्या की!" "त्याला महामाया कोर्टात हजर पायजे. ओळखपत्रासकट."

अहो, बाई समोर उभी हाय! मी पोरीला दंडाला धरून त्याच्या टेबलापुढं उभी केली. तो म्हणतो, "आजी, हिनं जर महामाया म्हणून सही केली तर परदेशी बाईनं खोटी ओळख सांगितली असं होईल. मग व्हिसा जाऊ द्या, आधी जेल." म्हणजे बघा तुम्ही! माझ्या नातवाला जी बायको हाय ती कायद्यानं त्याची न्हाई, आणि जी कायद्यानं त्याची हाय ती जन्मलीच न्हाई. आणि दोघींच्या मधी मी बसले, हातात अंगठी घेऊन.

त्या दिवशी परत येताना यष्टीत पोरगी खिडकीकडं तोंड करून बसलेली. मी म्हणलं, "महामाया, पाणी पी." तिनं वळून बघितलं. रागावून न्हाई बरं का. रागावली असती तर मी पण दोन शब्द सुनावले असते, तेवढं तर मला येतं. साधं विचारलं तिनं. "आज्जी, आमच्यात पण सासू नवरीला लाडाचं नाव ठेवती. पण ते तोंडात राहतं. कागदावर माझंच राहतं. माझं नाव बोललं असतं तर तुमची जीभ दुखली असती का?"

साठ वर्षं गावात कुणी मला गप केलं न्हाई. सरपंचानं न्हाई, नवऱ्यानं न्हाई, तहसीलदारानं न्हाई. औराद येईपर्यंत मी गप बसले. शेजारची बाई म्हणती, "आजी, बरं वाटत न्हाई का?" मी म्हणलं, तू तुझं बघ.

माझं माहेरचं नाव काय होतं, तुम्हाला ठाऊक हाय का? न्हाई ना? कुणालाच न्हाई. चतुरा हे सासरचं. मला पण तसंच तांदळात गाडलं होतं. …जाऊ द्या. कुणी विचारलं न्हाई म्हणून मी पण कुणाला विचारलं न्हाई, हे काय कारण झालं? न्हाई झालं.

एकोणतीस जुलैला ती गेली. मुदतवाढ मागितली, मिळाली न्हाई. हैदराबादच्या गाडीला बसवली. केवळाबाईनं ज्वारीचं पीठ बांधून दिलं, तिकडं ज्वारी असून! मी हाक मारली, "आल्माझ!" एवढी सरळ निघाली जिभेवरून, एक अक्षर अडकलं न्हाई. ती पायरीवरून वळली, हसली, म्हणली, "हाव आज्जी," आणि दार लागलं.

तिकडून ती नवा अर्ज करून राहिली. तिथल्या आपल्या वकिलातीनं काय मागितलं? लग्नाचा कागद. सुदर्शन म्हणला, मी जातो तिच्याकडं. त्याला त्यांच्या देशाच्या वकिलातीनं काय विचारलं? बायकोचं नाव. त्यानं खरं ते लिहिलं, त्यांनी कागद मागितला. कागदात नाव निघालं महामाया. दोघांच्या मधी ही सवत मीच आणून बसवली, आणि ती काही केल्या उठत न्हाई! कोर्टात तारीख मिळाली हाय. पुढच्या वर्षीची. शरणप्पा म्हणतो, लवकर मिळाली.

परवा मी परत नांदेडच्या हापिसात गेले. एकटीच. कुणाला समोर उभं करणार आता? नुसता कागद टेबलावर ठेवला. त्याच्यावर खाली कोपऱ्यात ती बारकी माणसं, हात वर करून. त्या सगळ्या कागदावर ती तेवढीच हाय, आणि ते वाचता येणारं माणूस नांदेडात न्हाई, लातुरात न्हाई. मी म्हणलं, "साहेब, ती आल्माझ गेली. आता ह्या महामायाला तरी द्या तुमचा व्हिसा, माझं घर तरी भरल्यासारखं वाटंल."

साहेबानं कागद वाचला. महामाया, बाप रामकिशन, गाव आमचंच. आणि तुम्हाला सांगते, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं मान वर केली. भला दिसला हो चेहऱ्यानं! हळूच म्हणला,

"आजी, हिला व्हिसा लागतच न्हाई."